येणाऱ्याचं तोंड, जाणाऱ्याची पिशवी

आमच्या घरातून कुणीही निघालं, की आत्या त्याची पिशवी तपासायची. पाहुणा असो, शाळेत निघालेला मी असो, धुणंभांडी करणारी बाई असो, की सत्यनारायण आटोपून निघालेले गुरुजी. उंबऱ्यावर ती एक हात आडवा धरायची, दुसऱ्या हाताने पिशवीचं तोंड उघडायची, आत नजर टाकायची आणि म्हणायची, "हं, जा आता." त्यात चोर पकडल्याचा आवेश नसे. इतर घरांत निघणाऱ्याला ज्या सहजपणे "चहा घेऊन जा" म्हणतात, त्याच सहजपणे ती हे करायची. कुणी रागावलंच, तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "येणाऱ्याचं तोंड पाहावं, जाणाऱ्याची पिशवी. याच्यात राग कायले?"

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झाली आणि दिग्रसला भावाकडे आली, ती कायमची. बाबा कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कारकून होते. जिनिंगच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं टिनाचं घर होतं. हंगामात दारंखिडक्या लावल्या तरी घरात कापसाचे तंतू उडत. सासरहून निघताना दिरांनी अंगणात तिची पेटी उघडली होती आणि लुगड्यांच्या घड्या मोडून पाहिल्या होत्या, असं बाबा एकदा ओझरतं बोलले होते. त्याचा आणि उंबऱ्यावरच्या आडव्या हाताचा काही संबंध असेल, हे मला फार उशिरा सुचलं.

तिचा संशय पिशवीपाशी थांबत नसे. दूधवाल्याने आधी स्वतःच्या ओंजळीत घोटभर दूध घेऊन प्यायचं, मगच आमच्या गंजात ओतायचं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या की ती विचारायची, "तुमच्या मायले हेच देता का?" डॉक्टर हसून हो म्हणाले, तर म्हणायची, "मंग हसून कायले सांगता?" मी चौथीत पास झालो तेव्हा ती शाळेत जाऊन गुरुजींना विचारून आली. परत आल्यावर पदराने घाम पुसत म्हणाली, "मास्तर तर हो म्हनते. पण तो तुह्याच मास्तर व्हय."

तिचं आणखी एक वाक्य होतं. "पाह्यल्याबिगर मानू नये, अन् पाह्यलं तरी लगेच मानू नये." या वाक्याचा पहिला भाग मी लहानपणीच उचलला. कॅमेऱ्याच्या धंद्यात माणूस त्यावरच जगतो. दुसऱ्या भागाकडे मी लक्ष दिलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मी पहिलीत असताना आई गेली. बाळंतपणासाठी ती महागावला माहेरी गेली होती. तिथे बाळही वाचलं नाही आणि तीही. तिच्या निघण्याच्या दिवसाचं एकच चित्र माझ्याजवळ उरलं होतं. घरामागे शेवग्याचं झाड, त्याखाली धुण्याचा दगड, दगडापाशी उभी असलेली आई. मी न्हाणीच्या दारात उकिडवा बसलो आहे. आत्या माझ्याकडे पाठ करून उभी आहे, तिचे दोन्ही हात आईच्या पदरात आहेत, कोपरं हलताहेत, आणि आई रडते आहे. पुढच्या दारी मामा तिला न्यायला उभा होता. ती रडलेल्या डोळ्यांनीच पुढे आली, आणि गल्लीतही कुजबुज झाली, की भरल्या पोटाच्या बाईची या नणंदेने झडती घेतली. घरातून निघणाऱ्या प्रत्येकाची पिशवी पाहणारी बाई भावजयीला कशी सोडेल? कुणाला शंका घ्यायची गरजच वाटली नाही. मलाही वाटली नाही.

आत्यानेच मला वाढवलं. माझ्या डोक्याला तेल लावलं, तापात उशाशी बसली. तरी तिचे हात अंगाला लागले की मला तो पदर आठवायचा. शिकायला नागपूरला गेलो आणि तिथेच राहिलो. सणावाराला यायचो, नमस्कार करायचो, पिशवी उघडून दाखवायचो आणि निघायचो. बाबा गेल्यावर आत्या त्या घरात एकटी राहू लागली, तेव्हाही मी तिला "नागपूरला चल" असं एकदाच म्हटलं, तेही ती नाही म्हणेल अशा सुरात. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि ती नाहीच म्हणाली.

नागपुरात मी लग्नांच्या, शाळांच्या, बियाणं विकणाऱ्यांच्या फिल्मा करतो. पन्नाशी उलटल्यावर वाटलं, एक फिल्म स्वतःची करावी. आपलं बालपण, तेच घर, तीच गल्ली, आपल्याला आठवतात तेच प्रसंग पुन्हा उभे करून. खरं सांगायचं तर सगळी फिल्म मला त्या एका दृश्यासाठी करायची होती. झडतीची ती गोष्ट मी लग्नानंतर बायकोला सांगितली होती, मित्रांना सांगितली होती, एकदा तरुण मुलांच्या शिबिरात सांगितली होती. प्रत्येक वेळी ऐकणारे गप्प झाले होते. त्या गप्प होण्याची मला सवय लागली होती.

दिग्रसला आम्ही मोजकी माणसं गेलो. कॅमेऱ्यावर इरफान, माझा जुना जोडीदार. आत्याची भूमिका करायला गावातल्या हौशी नाटकांत काम करणाऱ्या कुंदाताई. आणि आईसाठी सुजाता, ढाणकीची मुलगी, नुकतीच दिग्रसला सून होऊन आलेली. तिचा चेहरा आईच्या एकुलत्या एका फोटोशी थोडा जुळत होता.

पहिल्याच संध्याकाळी आत्याने इरफानची बॅग उंबऱ्यावर अडवली. एकेक भिंग बाहेर काढून ती उजेडाकडे धरू लागली.

"हे काय व्हय?"

"लेन्स आहे, आत्याजी. इससे दूर का पास दिखता है."

"दूरचं जवळ दिसते? मंग जवळचं?"

"उसके लिए दुसरी है."

"म्हंजे एकालेही जसं हाय तसं दिसत नाही," आत्या म्हणाली आणि बॅग बंद करून त्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून इरफान निघताना स्वतःच बॅग उघडून उभा राहू लागला. तिसऱ्या दिवशी कुंदाताईंनीही पर्स उघडली. माझी पिशवी मात्र ती सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ पाहायची.

सुजाताला तिने पहिल्या दिवशी विचारलं, "कोणाची तू?" सुजाताने बापाचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली, आणि न विचारता म्हणाली, "आम्ही बौद्ध आहो, आजी." आत्या तिच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ते नाही इचारलं. कुंकू लावते का नाही, ते पाहत होती. आमच्या सुनेले मोठं कुंकू होतं." सुजाताच्या पोटाला आम्ही कापूस बांधला होता. आत्याने बोटाने तो दाबून पाहिला, "खोटं व्हय" अशी खात्री केली आणि आत निघून गेली.

मला वाटायचं, ती काहीतरी लपवते आहे. समोरच्या खोलीतलं चित्रीकरण ती खुर्ची टाकून बघायची. पण मागच्या दाराला तिने कुलूप घातलं होतं आणि किल्ली कनवटीला खोचली होती.

"मागं काय काढतं तू?" तिने मला दोनदा विचारलं.

"झाड, दगड. असंच."

"असंच कोणी नागपूरहून येत नाही, बाबू."

ती घाबरली आहे, असं मी इरफानला म्हणालो. माणूस घाबरतो तो काही केलेलं असतं म्हणून, असंही म्हणालो. इरफान भिंग पुसत राहिला.

मग मी एक डाव टाकला. ढाणकीला आत्याची एक मावसबहीण होती. ती तुझी फार आठवण काढते, असं मी आत्याला सांगितलं. ते खोटंही नव्हतं, आजारपणात ती सगळ्यांचीच आठवण काढायची. सकाळी मी स्वतः बसस्टँडपर्यंत रिक्षा आणली, आत्याला हात धरून बसवलं आणि झाडलोटीसाठी म्हणून तिच्याकडून किल्ली मागून घेतली. तिने किल्ली दिली. देताना माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मागच्या अंगणात आम्ही घाईने तयारी केली. न्हाणी पडली होती, पण तिचा उंबरा शाबूत होता. मी इरफानला तिथे बसवलं, सहा वर्षांच्या मुलाची नजर जिथे असेल तिथे कॅमेरा लावला. कुंदाताई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, त्यांचे हात सुजाताच्या पदरात, कोपरं हलती, सुजाताच्या डोळ्यांत पाणी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. हुबेहूब तेच. इतकी वर्षं मी जे सांगत आलो होतो, त्याचा जणू पुरावाच मिळाला.

फक्त कोंबड्या राहिल्या होत्या. माझ्या त्या चित्राच्या शेवटी आईच्या पायांशी कोंबड्या धावत येतात. का येतात, ते मला माहीत नव्हतं. लहानपणची आठवण अशीच असते, असं मी धरून चाललो होतो. शेजाऱ्याच्या कोंबड्या आणून सोडल्या, तर त्या कुंपणाकडे माती उकरत बसल्या. हाकललं, तर भलतीकडे पळाल्या.

"भाऊ, कोंबडी बिना दाने के नही आती," इरफान वैतागून म्हणाला. शेवटी कुंदाताईंनी घरातून मूठभर तांदूळ आणले आणि हात पदरात असतानाच थोडे खाली सांडले. पुढच्याच क्षणी कोंबड्या सुजाताच्या पायांशी. अगदी आठवणीतल्यासारख्या.

इरफानने शॉट पुन्हा पाहिला आणि माझ्याकडे वळला. "त्या दिवशी कुणी टाकले होते?"

"काय?"

"दाणे."

मी म्हणालो, शॉट चांगला झाला, पुढचा घेऊ.

"ते बाई काय करून राह्यली?"

मागच्या दारात आत्या उभी होती. हातात ढाणकीसाठी भरलेली पिशवी तशीच. कुंदाताईंनी चटका बसल्यासारखे पदरातून हात काढले.

"रिक्षा आणला तवाच म्हटलं," आत्या सगळ्यांना उद्देशून म्हणाली. "जल्मात यानं माह्यासाठी रिक्षा आणला नाही. स्टँडवरूनच वापस आली." मग मला पुन्हा विचारलं, "काय करून राह्यली ते?"

"झडती," मी म्हणालो. आवाज चढवायचा नव्हता, पण चढला. "आईची. तू घेतली होतीस ती."

"तू पाह्यलं?"

"हो. त्या न्हाणीत बसलो होतो."

"काय पाह्यलं?"

"तुझे हात. तिच्या पदरात. आणि ती रडत होती."

आत्या पायरी उतरून आली. खाली कोंबड्या शेवटचे दाणे टिपत होत्या. तिने त्यांच्याकडे बोट दाखवलं. "अन् हे? हे बी होत्या?"

"होत्या."

"कायले आलत्या?"

मी खाली दाण्यांकडे पाहिलं.

ती धुण्याच्या दगडावर बसली. "तांदूळ घेऊन कोणी झडती घेते का रे?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब चुकलेल्या पोराला समजावतात, तसा तो आवाज होता. "तुही माय जड अंगाची, चालली बापाच्या घरी. घरात सासू नाही. समोर गल्लीतल्या बाया उभ्या, पण एकीले सुचलं नाही. मंग तुही मायच मले म्हने, 'बाई, तुमीच भरा माही ओटी.' म्या म्हटलं, 'अवो, माह्यं कपाळ तरी पाह्य.' तर म्हने, 'या घरात माह्यं दुसरं कोण हाय?' हात धरून मागं आनलं मले. इथं कोणी पाहत नाही म्हने." तिने न्हाणीच्या उंबऱ्याकडे पाहिलं. "तू दिसलाच नाही आमाले."

सुवासिनीची ओटी विधवेने भरू नये, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते सगळ्यांना माहीतच असतं. म्हणून मला आत्याचे हात पदरात दिसले आणि गल्लीला रडून आलेली आई दिसली, तेव्हा ओटी कुणाच्या मनातच आली नाही. झडती आली.

"मग तू सांगितलं का नाहीस?" मी म्हणालो. "सगळी गल्ली झडती म्हणत होती. बाबासुद्धा."

"म्हनू देल्लं." आत्याने तळहात उलटसुलट करून पाहिले. "महागावहून खबर आली. पोर नाही, ते बी नाही. मंग कोणत्या तोंडानं सांगू, का या हातानं ओटी भरली म्हनून? त्याच्यापेक्षा झडती बरी. झडतीनं कोणी मरत नाही."

मी काहीबाही बोललो. रक्तस्राव झाला होता, दवाखाना दूर होता, मामाने पुढे मला सगळं सांगितलं होतं, त्यात कुणाच्या हाताचा काय संबंध? आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू होता का तिथं?"

"नाही."

"मंग?" ती उठली. "तुह्या सिनेमात झडतीच राहू दे. साऱ्यायले पटते ते."

सुजाता पुढे आली, पदर पसरून आत्यापुढे उभी राहिली. "आजी, माझी भरा."

"नाही."

"आमच्यात ओटीबिटी नसते. अन् विधवेच्या हाताचं असं काही आम्ही मानत नाही. मले काही होत नाही."

"तुमच्यात ओटी नसन. मरण तर सगळ्यायतच असते."

"हा कापूस आहे, आजी." सुजाताने पोटावर थापटी मारली. "जिनिंगचा. सरकी काढलेला."

आत्याने तो पुन्हा एकदा बोटाने दाबून पाहिला. मग कुंदाताईंच्या हातातली तांदळाची वाटी घेतली. तिने ओटी भरली, तेव्हा निम्मे दाणे पदराबाहेर सांडले आणि कोंबड्या पुन्हा धावून आल्या. सुजाता रडत होती, आणि यावेळी तिला कुणी रडायला सांगितलं नव्हतं. इरफानचा कॅमेरा न्हाणीच्या उंबऱ्यावर चालूच होता. नंतर आम्ही ते पाहिलं. पाठमोरी आत्या, हलणारी कोपरं, रडणारी मुलगी. खरी ओटी, खरे हात, आणि तरीही तिथून ती झडतीच दिसत होती.

"घेतलं का याच्यात?" आत्याने इरफानला विचारलं. त्याने मान हलवली. "मी हाय तवर दाखवू नका," ती म्हणाली. मी शब्द दिला. तिने त्यावरही लगेच विश्वास ठेवला नसणार.

निघताना सगळ्यांनी ओळीने पिशव्या उघडल्या. माझी पिशवी पाहताना ती म्हणाली, "खोटं बोलून धाडलं मले."

"चुकलं, आत्या."

"चुकलं तर चुकलं. पण रिक्षावाल्यासमोर हात कायले धरला? मले चालता येत नाही का?"

चारपाच महिन्यांनी तिचा फोन आला. एरवी ती स्वतःहून फोन करत नसे. "त्या पोरीचं आता कापूस नाही म्हने," ती म्हणाली. सुजाताला खरोखरच दिवस गेले होते. आत्याच्या आवाजात मी कधी न ऐकलेली भीती होती. तेव्हापासून तिचा एकच धोशा सुरू झाला. दवाखाना बदलायला सांग, गाडीवर बसू नको म्हण, कोणत्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्या स्वतःच्या पोरी कुठे बाळंत झाल्या? सुजाता बरी आहे म्हटलं, की ती म्हणायची, "तू पाह्यलं?" शेवटी सुजाताच दर रविवारी तिच्याकडे जाऊन उभी राहू लागली. "आजी, पाहून घ्या," म्हणायची. आत्या तिचे पाय सुजलेत का ते बघायची, पापणी खाली ओढून डोळे बघायची आणि म्हणायची, "आज तर बरी दिसते." मी नागपुरात तो शॉट जोडत होतो, मोडत होतो. आत्या दिग्रसला एकेक रविवार मोजत होती. मी तिला अनेकदा समजावलं. ज्या बाईने जगात कुणावर विश्वास ठेवला नाही, तिचा सगळ्यांत मोठा संशय स्वतःच्या हातांवर होता. तिथे माझं काय चालणार?

सुजाता यवतमाळच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. सव्वा महिन्यानंतर माहेरी ढाणकीला जाताना ती बाळाला घेऊन आत्याकडे थांबली. पुढचं मला तिनेच फोनवर सांगितलं. आत्याने बाळाची हातापायाची बोटं उघडून पाहिली, कानामागे पाहिलं, टाळू पाहिली. सुजाताने विचारलं, "आता मानता का, आजी?" आत्या म्हणाली, "पाहू." मग नेहमीप्रमाणे सुजाताची पिशवी तपासली आणि "थांब" म्हणून आत गेली. परत आली ती तांदूळ आणि नारळ घेऊन. समोरच्या दारात, उंबऱ्यावर, समोरच्या ओट्यावर बायका तूर निवडत बसल्या असताना तिने सुजाताची ओटी भरली. समोरच्या ओट्यावर सुपं थांबली होती, असं सुजाता म्हणाली.

आत्याला जाऊन आता वर्ष होईल. फिल्म मी पूर्ण केली आहे. त्यात मागच्या अंगणातली ती ओटी आहे, न्हाणीच्या उंबऱ्यावरून दिसते तशी, आणि त्यावर माझ्या आवाजात एवढंच सांगितलं आहे की ही झडती नाही. समोरच्या दारातली ओटी फिल्ममध्ये नाही. कुणीतरी म्हणालं, तीही पुन्हा उभी करता आली असती. मला नाही जमलं.

सुजाताचा फोन आल्यावर मी लगेच आत्याला फोन केला होता.

"आत्या, तू ओटी भरलीस म्हणे. समोरच्या दारात."

"कोण म्हनते?"

"सुजाता."

"तू पाह्यलं?"

"नाही."

"मंग?"

"मंग काही नाही. मानलं."

पलीकडे जिनिंगचा भोंगा वाजून थांबला.

"लवकर मानतं तू, बाबू," आत्या म्हणाली. "पहिलेपासून तुह्यं हेच चुकते."